रुळाकडेचे लोक: नैरोबीतले सहा दिवस

दिवस पहिला

मुंबईहून विमान सुटलं की पहिल्या मिनिटभरात खाली काय दिसतं ते सगळ्यांना माहितीये, निळे प्लास्टिकचे कागद, पत्रे, पत्र्यांवर ठेवलेले दगड नि जुने टायर. बाजूच्या सीटवरच्या काकांनी खिडकीतून बघून मान फिरवली. मी बघत राहिले कारण मी त्यातलीच आहे. माझं लहानपण हार्बर लाईनच्या रुळाकडेला गेलं, गोवंडी-मानखुर्दच्या मधे, आजी-आजोबा ७२ च्या दुष्काळात सोलापूरकडून आले आणि तिथेच टेकले. लोकल गेली की भांडी वाजायची. माझ्या वयाच्या सोळाव्या वर्षी आम्हाला मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये २२५ फुटाची खोली मिळाली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी काय बघितलं आणि कुठल्या डोळ्यांनी बघितलं ते कळेल.

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. मावसबहीण नैरोबीत राहते, दाजी तिथे इन्शुरन्समध्ये आहेत, दहा वर्षं झाली. शाळेला सुट्टी टाकून मी आठवडाभर गेले. साधारण सहा तासांची फ्लाईट, घड्याळ अडीच तास मागे, आणि बाहेर पडल्या पडल्या गार वारा, कारण हे शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ १८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर. दाजी न्यायला आले होते. एअरपोर्टहून शहरात जायला २०२२ पासून मोठा उंच एक्सप्रेसवे आहे, टोल भरायचा, वरून सुसाट जायचं. तिथूनच डाव्या-उजव्या हाताला कारखान्यांची शेडं दिसतात आणि शेडांच्या मधूनमधून गंजलेल्या पत्र्यांचा एक समुद्रच दिसतो, लाल-तपकिरी. मी विचारलं हे काय. दाजी म्हणाले, "मुकुरू. उद्या परवा जाऊ म्हणतेस तर जाऊ, पण आधी जिराफ बघ की."

ताईने पिठलं-भात केला होता. खूप बरं वाटलं.

दिवस दुसरा

रेल्वे म्युझियम. हे मीच धरून बसले होते. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची ही लाईन ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ मध्ये टाकली आणि ती टाकायला हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर आणले होते, जास्त करून पंजाब-गुजरातकडचे. अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले. नैरोबी हे शहरच मुळात त्या रेल्वेचा मुक्काम म्हणून उभं राहिलं, त्याआधी इथे दलदल होती. म्हणजे रूळ आधी आणि गाव नंतर. तिथल्या जुन्या इंजिनांसमोर उभं राहून मला सारखं वाटत होतं की रूळ टाकणाऱ्यांना राहायला जागा कुठे देतात हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे.

संध्याकाळी ताईबरोबर बाजारात गेले. इथल्या भाषेत आपले शब्द असे अचानक भेटतात ना की अंगावर काटा येतो, गाडीला गारी, चपातीला चपाती, कोशिंबिरीला काचुंबरी, आणि दाजींच्या धंद्याला बिमा. भाजीवालीला मामा म्बोगा म्हणतात, मामा म्हणजे आई! मला सवय व्हायला दोन दिवस लागले.

रात्री जेवताना आकड्यांवरून विषय निघाला. मी म्हटलं किबेरा ही आफ्रिकेतली सगळ्यात मोठी झोपडपट्टी, दहा लाख लोक, असं मी सगळीकडे वाचलंय. दाजींनी हातातला घास तसाच ठेवला. "केनियाच्या २००९ च्या जनगणनेत किबेरात किती माणसं मोजली माहितीये? १ लाख ७० हजार ७०." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दहा लाख कुठे आणि पावणेदोन लाख कुठे. पण खरं आहे ते, त्या वेळी त्याच्यावरून केवढी बोंबाबोंब झाली होती म्हणे. दहा लाखांचा आकडा संस्थांच्या पत्रकांमधून, पुढाऱ्यांच्या भाषणांमधून, टूर कंपन्यांकडून एकमेकांचं बघून फिरत राहिला, प्रत्यक्ष दारात जाऊन कोणी मोजलेला नव्हता. आकडा मोठा असला की मदत मोठी येते, हे त्यातलं एक कारण. आणि आपण तरी काय, धारावीचे कोणी सहा लाख सांगतं कोणी दहा लाख, नक्की कोणालाच नाही माहिती.

दिवस तिसरा

किबेरा.

इथे पैसे घेऊन झोपडपट्टी दाखवणाऱ्या टूर असतात, मला ते नको होतं. आमच्या वस्तीत कॅमेरे घेऊन माणसं यायची तेव्हा आई दार लोटून घ्यायची, ते मी विसरले नाहीये. ताईच्या ओळखीच्या एक बाई आहेत, पन्नाशीच्या, तिच्या बिल्डिंगमध्ये पूर्वी कामाला यायच्या, आता स्वतःचं चपात्यांचं दुकान आहे किबेरात. त्यांनी घरी बोलावलं म्हणून गेलो. मी त्यांना इथे मामाच म्हणते, सगळे तेच म्हणत होते.

मटाटूने म्हणजे तिथल्या मिनीबसने गेलो. वाटेत एका बाजूला गोल्फचं हिरवंगार मैदान आणि दुसऱ्या बाजूला पत्रे, मधे भिंत. पवईला, बांद्र्याला असंच आहे तरी घशाशी आलं.

किबेरा नाव न्युबियन लोकांच्या भाषेतून आलंय, किब्रा म्हणजे जंगल. ब्रिटिशांच्या फौजेतल्या सुदानी न्युबियन सैनिकांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे राहायला जागा दिली, पण कागद नाही दिला. त्यांच्या नातवंडा-पणतूंना २८८ एकराचा कागद मिळाला २०१७ मध्ये! म्हणजे शंभर वर्षं राहूनसुद्धा ती माणसं अतिक्रमण करणारीच. बाकीची वस्ती नंतर वाढत गेली, अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास जागा, त्यात डझनभर "गावं" आहेत, मकिना, किआंडा, गटवेकेरा, लाईनी साबा, सिलांगा अशी नावं, आणि कोण कुठल्या गावचा हे तिथे लगेच सांगतात, जसं आपल्याकडे कुठल्या चाळीतला ते सांगतात.

मामाची खोली बारा बाय बाराची असेल. भिंत बघितली आणि मी हात लावला, कुडाची भिंत! काटक्या उभ्या-आडव्या बांधून वरून माती लिंपलेली, माझ्या आजोळी गुरांच्या गोठ्याला होती तशीच. वर पत्रा. पत्र्याला माबाती म्हणतात. मधे पडदा टाकून पलीकडे झोपायची जागा, अलीकडे सोफा, सोफ्यावर क्रोशाचं पांढरंशुभ्र कापड पसरलेलं, इतकं स्वच्छ की मी त्यावर बसायला दोन मिनिटं थांबले. दाराच्या चौकटीवर तेलरंगाने एक नंबर लिहिलेला आणि त्याच्याखाली जुना, पुसट झालेला आणखी एक नंबर.

चहा झाला, दुधाचा, आपल्यासारखाच उकळलेला. मी विचारलं घर तुमचं स्वतःचं का, तर त्या हसल्या. महिना २५०० शिलिंग भाडं. तेव्हा एक शिलिंग म्हणजे आपले साधारण ६७ पैसे होते. आणि इथेच मला मुंबई आणि नैरोबीतला सगळ्यात मोठा फरक समजला. किबेरात दहातली नऊ कुटुंबं भाडेकरू आहेत, खोल्यांचा मालक दुसरीकडे राहतो, जमीन त्याचीही नसते, ती सरकारी, पण पत्रा त्याचा. आमच्याकडे झोपडं कच्चं असलं तरी ते आमचं होतं, बापाने स्वतः बांबू रोवले होते, फोटोपास, म्हणजे झोपडीवाल्याचं सरकारी ओळखपत्र, आमच्या नावावर होता. १९७६ मध्ये मुंबईत झोपड्यांची मोजणी झाली आणि तेव्हापासून ते फोटोपास, मग पुढे पुराव्याची साल १९९५, मग २०००, हे सगळं ज्याचं झोपडं त्याच्याभोवती फिरतं. इथे उद्या पक्की इमारत झाली तर खोली कोणाला, पत्र्याच्या मालकाला का वीस वर्षं भाडं भरणाऱ्या मामाला? किबेरातल्याच सोवेटो ईस्टमध्ये सरकारने ८०० वर फ्लॅट बांधून २०१६ मध्ये दिले, तिथे हाच वाद चालला होता. मी हे आधी कुठेच वाचलं नव्हतं. टक्केवारीत ही गोष्ट दिसतच नाही.

पाण्याचं सांगते. नळ घरात नाही, पिवळे २० लिटरचे जेरीकॅन, एक भरायचे चार-पाच शिलिंग, टंचाई असेल तर जास्त. जमिनीवरून पाईप नेले की गटारातून जातात, फुटतात, कोणीतरी कापतं, म्हणून काही भागात आता पाईप खांबांवरून वरून नेलेत, विजेच्या तारांसारखे. ते बघून मी थांबलेच. संडास सार्वजनिक, एका वेळेचे पाच-दहा शिलिंग, रात्री बायकांनी जायचं कसं, तर पूर्वी पिशवीत करून बाहेर फेकायची वेळ यायची, त्याला उडतं टॉयलेट म्हणायचे. मामा हे सांगताना खाली बघत होत्या. मी त्यांना सांगितलं की आम्ही पहाटे चारला रुळावर जायचो, आई आणि मी, एक जण लोकलकडे लक्ष ठेवायची. ताईने भाषांतर केलं. मामांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

मग त्या आम्हाला रुळाकडे घेऊन गेल्या. किबेराच्या मधूनच रेल्वेची लाईन जाते, अजून लोकल धावते तिच्यावरून. आणि रुळाच्या कडेने भिंत आणि भिंतीपलीकडे पक्क्या छोट्या इमारती. मामा म्हणाल्या, "हे तुमच्या मुंबईचं बघून केलंय."

मला खरंच कळेना. मग सगळा प्रकार त्यांनी सांगितला. २००४ मध्ये केनिया रेल्वेने रुळाकडेच्या लोकांना तीस दिवसांत निघा म्हणून नोटीस दिली. लोकांच्या संघटनेने, तिचं नाव मुउंगानो वा वानाविजिजी, म्हणजे वस्तीवाल्यांची एकजूट, बोलणी करून रेल्वेचे अधिकारी मुंबईला नेले आणि रुळाकडेच्या हजारो कुटुंबांना मारझोड न करता, आधी मोजून, मग हलवून घरं कशी दिली ते दाखवलं. ते दाखवलं म्हणजे काय दाखवलं? आम्हाला दाखवलं! एमयूटीपी, म्हणजे मुंबईच्या रेल्वे-रस्त्यांच्या सरकारी प्रकल्पाखाली हललेले आम्ही, मानखुर्दचे, वाशी नाक्याचे. कोण जाणे, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातून ती माणसं वर गेली असतील, आईने पाणी दिलं असेल.

मामा बचत गटाच्या खजिनदार आहेत, रोज थोडे थोडे पैसे, प्रत्येकीची वही. ही पद्धतसुद्धा भायखळ्याच्या फुटपाथवरच्या महिला मिलन या संघटनेच्या बायकांकडून आलेली. मुंबई म्हटल्यावर तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने फक्त एक शब्द उच्चारला, "जोकिन." जोकिन अर्पुथम, जनता कॉलनीतून १९७६ मध्ये हटवून चीता कॅम्पला आणलेल्यांतले, ज्यांनी झोपडपट्टीवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली, २००० साली मॅगसेसे मिळालं, २०१८ मध्ये गेले. माझ्या शाळेतल्या मुलांना विचारलं तर एकाला नाव माहीत नसेल. किबेरात माहीत आहे.

दिवस चौथा

नॅशनल पार्क. जिराफ, झेब्रे, लांबून एक सिंहीण, आणि मागे शहराच्या इमारती. छान आहे, सगळ्यांनी जावं.

घरी आल्यावर दाजी लॅपटॉप घेऊन बसले, त्यांना आता माझ्यापेक्षा जास्त नाद लागला होता. आम्ही देशादेशांचे आकडे काढत बसलो आणि जसजसे काढत गेलो तसतसं डोकं फिरायला लागलं. संयुक्त राष्ट्रांचा हिशोब असा की जगात शंभर कोटींवर माणसं झोपडपट्टीत राहतात, शहरात राहणाऱ्या दर चारातलं साधारण एक. सहाराच्या खालच्या आफ्रिकेत शहरी लोकांतले निम्म्याहून जास्त, दक्षिण सुदान, चाड अशा ठिकाणी तर ८० टक्क्यांच्याही वर. केनिया निम्म्याच्या आसपास. ब्राझील त्या मानाने खूप खाली. पण हे ठरवतात कसं? एकेका घराकडे बघून. चांगलं पाणी, चांगला संडास, टिकाऊ घर, एका खोलीत तिनापेक्षा जास्त माणसं नकोत, आणि कोणी उठवणार नाही याची खात्री, यातलं एक जरी नसलं तरी ते घर झोपडपट्टीत धरायचं. आणि शेवटची जी खात्रीची गोष्ट आहे, म्हणजे आमच्यासारख्यांच्या काळजाची, तिची माहितीच बहुतेक देशांत गोळा होत नाही, म्हणून ती हिशोबात नीट येतच नाही.

आपली २०११ ची जनगणना घराकडे नाही, वस्तीकडे बघते. सरकारने जाहीर केलेली किंवा मानलेली वस्ती असली तर ती, नाहीतर निदान ६०-७० घरं, तीनशेच्या आसपास लोक एका जागी असले तरच ती झोपडपट्टी. त्या हिशोबाने देशात ६ कोटी ५५ लाख, शहरी लोकांत १७ टक्क्यांच्या वर, आणि सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. मुंबईत तर शंभरातले चाळीसवर. पुलाखाली पंचवीस घरं असतील आणि ती कुठल्या यादीत नसतील तर ती झोपडपट्टी नाहीच.

दाजी म्हणाले, "मग लल्लूभाई कंपाऊंड कशात?" मी बोटं मोजली. एक खोली, आई, बाबा, आजी, आम्ही तीन भावंडं, नंतर वहिनी. सात माणसं. संयुक्त राष्ट्रांच्या मापाने आम्ही पक्क्या इमारतीत राहूनसुद्धा झोपडपट्टीतच. आपल्या जनगणनेच्या मापाने आम्ही सुटलो. मला रडू आलं नाही, पण राग आला, खरं सांगते.

बांगलादेशचं तर विचारूच नका. त्यांच्या सरकारने २०१४ मध्ये वस्त्यांची गणना केली, २२ लाख माणसं निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबात त्याच देशातले निम्मे शहरी लोक झोपडपट्टीतले, म्हणजे कित्येक कोटी. दोन्ही आकडे एकाच देशाचे! आणि ब्राझीलमध्ये सरकारी कागदावर वर्षानुवर्षं फावेला, म्हणजे तिथली झोपडपट्टी, हा शब्द न वापरता काहीतरी जड नाव वापरत होते, "सामान्यापेक्षा खालच्या वस्त्या" अशा अर्थाचं, ते लोकांच्या मागणीवरून सोडलं आणि २०२२ च्या जनगणनेचे आकडे फावेला म्हणूनच दिले, १ कोटी ६४ लाख, ८.१ टक्के. रिओची रोसिन्हा, जिचं नाव जगभर, तिथे ७२ हजार. म्हणजे किबेराच्या निम्म्यापेक्षा कमी. मला वाटायचं ती धारावीएवढी असेल.

त्यामुळे अमुक देशात इतके टक्के आणि तमुक देशात तितके असा तक्ता बघितला की मी आता आधी विचारते, मोजलं कोणी आणि कशाला झोपडपट्टी म्हटलंय. दोन देश त्याच्याशिवाय शेजारी ठेवताच येत नाहीत.

दिवस पाचवा

सकाळी मथारे या झोपडपट्टीच्या कडेने गेलो, आत गेलो नाही, नदीकाठ बघितला. एप्रिल-मे २०२४ च्या पुरात इथली घरं वाहून गेली आणि त्यानंतर सरकारने नदीपासून तीस मीटरच्या आतली उरलेली पाडली, हातात दहा हजार शिलिंग देऊन. रिकाम्या काठावर कोणीतरी सुकुमा लावलेली होती, म्हणजे तिथली रोजची पालेभाजी, तीन-चार वाफे, काठ्यांचं कुंपण घालून. २६ जुलै २००५ नंतर मिठीच्या काठावर जे झालं ते मला आठवलं.

दुपारी मुकुरू. इथे जमीन सरकारी नाही, खाजगी, ऐंशीच्या दशकात कारखाने काढायला म्हणून लोकांना दिलेली, कारखाने निघाले नाहीत आणि वस्ती झाली. २०१७ मध्ये नैरोबीच्या कौंटी सरकारने हा सगळा भाग खास नियोजनाचा म्हणून जाहीर केला, एक लाखावर कुटुंबं, आणि मग संघटनेच्या लोकांनी, विद्यापीठांनी, घराघरात जाऊन मोजलं, दहा-दहा घरांचे गट पाडून प्रत्येक गटाला विचारलं की रस्ता कुठून जावा, संडास कुठे हवा. त्या मोजणीत निघालं की मुकुरूतली बाई पाण्याला आणि विजेला बाहेरच्या चांगल्या वस्तीतल्या माणसापेक्षा जास्त पैसे मोजते. आम्ही आत गेलो तो रस्ता डांबरी होता, कडेला गटार बांधलेलं, नवीन. मुलं त्या डांबरावर चाकं फिरवत होती, तारेच्या गाड्या. पलीकडे सरकारी टॉवर चढत होते, अगदी मानखुर्दसारखे चिकटून. मला त्यांच्या मधल्या अंतराकडे बघून पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे खालच्या मजल्यांवर दिवसा लाईट लावावी लागते आणि टीबीचे पेशंट किती आहेत ते मला माहितीये. मी सोबतच्या मुलाला सांगितलं, घरात ऊन येतं का ते आत्ताच विचारा, नंतर कोणी ऐकत नाही. तो वहीत लिहून घेत होता.

दिवस सहावा

निघायच्या आधी मामा ताईकडे आल्या, चपात्या घेऊन, एका डब्यात वीस. तिथली चपाती आपल्या पराठ्यासारखी, पदर सुटलेली, तेल जास्त. मी त्यांना नऊवारीतलं पातळ दिलं आईचं, त्यांनी लगेच खांद्यावर टाकून बघितलं.

मला त्यांनी एकच विचारलं, मोजणी झाल्यावर घर मिळायला किती वर्षं लागली. मला नीट आठवेना. म्हटलं आईला विचारून कळवते.

मानखुर्दला आल्यावर आईने कपाटातली प्लास्टिकची फाईल काढली, त्यात रेशनकार्डाच्या खाली मोजणीची पिवळी पावती. आम्ही रुळाकडेला होतो तेव्हा महिला मिलनच्या बायका आल्या होत्या, खडूने दारावर नंबर टाकून गेल्या, आजीने तो पुसू नये म्हणून दाराला वर्षभर हात लावू दिला नव्हता. आई म्हणाली, "सात वर्षं. सातव्या वर्षी हललो." मी पावतीचा फोटो मामाला व्हॉट्सॲपवर पाठवला. रात्री व्हॉइस मेसेज आला, ताईने अर्थ सांगितला, त्यांना सातचं काही वाटलं नव्हतं. त्या विचारत होत्या की पावतीवर दोन नंबर का आहेत, एक खोडलेला. आईला विचारलं तर म्हणाली, पहिल्यांदा मोजलं तेव्हा तुझा काका आपल्यात होता, दुसऱ्यांदा आले तेव्हा त्याने मधे पत्रा लावून वेगळी चूल मांडली होती, त्यांनी त्याचं दार वेगळं धरलं.

मी ते तसंच रेकॉर्ड करून पाठवलं, आईच्या आवाजात.